कालवडीचा रवंथ

सोनगिरवाडीच्या दूध संकलन केंद्रावर आता फॅटच्या आधी ढेकरांचा आकडा पाहिला जाई. प्रत्येक गाई-वासराच्या गळ्यात छोटा दिवा असलेला श्वासपट्टा असे. त्याची बारीक नळी नाकपुडीजवळ येई, ढेकरातला मिथेन वायू मोजी आणि आकडा थेट केंद्रातल्या पडद्यावर पाठवी. आकडा हिरवा असला तर दुधाला चढा दर, तांबडा असला तर उतरता. बायका किटल्या टेकवून पडद्याकडे बघत उभ्या राहत आणि एकमेकींच्या गाईंच्या पोटाबद्दल कुजबुजत.

त्या सकाळी डॉ. हेमांगी निंबाळकर तिथे पोचली, तेव्हा पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा होता. शेजारची बाई कौतुकाने म्हणाली की ही सगळी आमच्या अन्विताबाईंची किमया. हेमांगी हसली आणि तिने मान डोलावली. असं हसणं तिला आता चांगलं जमू लागलं होतं.

उमेदीची सगळी वर्षं तिने याच प्रश्नावर घालवली होती. गाईच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबतो, त्यातून हायड्रोजन सुटतो. तो हायड्रोजन खाऊन जगणारे सूक्ष्म मिथेनजीव मिथेन सोडतात, आणि ढेकरांवाटे बाहेर पडलेला तो वायू हवा तापवत राहतो. हेमांगीने हिरडा, शिकेकाई आणि लसणाचा पाला यांचं मिश्रण तयार केलं होतं. त्याने मिथेन कमी व्हायचा, पण थोडाच. आणि काही महिन्यांनी मिथेनजीव त्यालाही सरावायचे. मग तिचीच विद्यार्थिनी अन्विता शेवडे मालवणच्या किनाऱ्यावरून एक तांबडं समुद्रशेवाळ घेऊन आली. त्याची चमचाभर पूड पेंडीत मिसळली की मिथेन जवळजवळ थांबायचा. हेमांगीच्या मिश्रणाची पोती गोदामाच्या मागच्या भिंतीला सरकली.

अन्विता उद्धट असती तर सोपं गेलं असतं. पण ती प्रत्येक भाषणात आधी निंबाळकर मॅडमांचे आभार मानायची. हेमांगी तिचे शोधनिबंध घरी नेऊन वाचायची आणि एखादी शुद्धलेखनाची चूक सापडली की तिला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. याची तिला लाजही वाटायची, आणि तरी ती पुढचा निबंध उघडायची.

पूड देशभर वाटायची ठरली, तेव्हा शेवटची तपासणी संशोधन केंद्राचे संचालक डॉ. सबनीस यांनी हेमांगीकडे सोपवली. "तुम्ही अन्विताची बाजू घेतलीत असं कुणी म्हणणार नाही," ते हसून म्हणाले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं तर. तिला कानकोंडं झालं, पण तिने काम घेतलं.

गोठ्यामागून गोठे पाहत ती फिरली. दूध उत्तम, गाई टवटवीत, आकडे हिरवे. दिवसागणिक तिचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी गावाच्या टोकाला इंदुमती जगदाळे यांच्या गोठ्यात ती आली.

इंदुताईंनी सांगितलं की गेल्या आठवड्यापासून पुडीची नवी पिशवी आलेली नाही आणि गावात त्यांचाच साठा सगळ्यांत आधी संपला. समुद्राचं पाणी तापलं आणि शेवाळ सडलं असं ऐकलं होतं. मोठ्या गाईंचं काही बिघडलं नव्हतं, फक्त त्यांचे आकडे हळूहळू तांबडे होऊ लागले होते. "पर ही कालवड बघा जरा," त्या म्हणाल्या. "पुडी बंद झाली न् हिनं रवंथच सोडला. वैरण खाती, पर आत काय चाललंय काय कळंना."

कालवड कोपऱ्यात मान टाकून उभी होती. तिचा जन्मच मुळी तिच्या आईला पूड सुरू झाल्यानंतरचा. हेमांगीने डाव्या कुशीवर तळवा दाबला. एरवी तिथे चारा घुसळल्याची हालचाल लागते. इथे कातडी नगाऱ्यासारखी ताणली होती आणि आत सगळं निपचित होतं. कालवड दात खात होती. वेदना असली की जनावर असं करतं.

आणि त्याच क्षणी हेमांगीला आनंद झाला. सापडलं, असं तिच्या मनात आलं. मग कालवडीचा डोळा तिच्याकडे वळला आणि तिने हात झटकन मागे घेतला.

नळीने तिने पोटातला थोडा द्रव काढून घेतला. प्रयोगशाळेत त्याची जनुकीय छाननी केली तेव्हा गोष्ट स्पष्ट झाली. वासराला पोटातले सूक्ष्मजीव आईकडून मिळतात, तिच्या चाटण्यातून. या आईच्या पोटातले मिथेनजीव पुडीने दबले होते, पार मेले नव्हते. पण वासराला द्यायला पुरेसे उरले नव्हते. त्यांच्या रिकाम्या जागी वासराच्या पोटात दुसराच एक जीव वसला होता. तो हायड्रोजन संपवत होता खरा, पण जगत होता शेवाळातल्या क्षारांवर. पूड थांबताच तो मेला. हायड्रोजन साचला आणि चारा आंबायचाच थांबला. ही कालवड पुडीशिवाय गवत पचवू शकत नव्हती. तिच्या वयाची गावातली सगळी वासरं अशीच असणार होती.

हेमांगी थेट संचालकांकडे जाऊ शकली असती. अहवाल तिने मनात लिहूनही टाकला होता, एकेक धारदार वाक्य. पण ती आधी अन्विताच्या खोलीत गेली.

अन्विताने सगळे निष्कर्ष वाचले. मग तिने विचारलं, "मॅडम, असं काही सापडावं असं तुम्हाला वाटत होतं ना?"

हेमांगीला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "रोज."

"मी त्या गोठ्यात दोनदा जाऊन आले," अन्विता म्हणाली. "आकडा हिरवा होता, म्हणून वासरांकडे पाहिलंच नाही." मग ती उठली आणि गाडीची किल्ली शोधू लागली.

कालवड वाचवायची तर तिच्या पोटात जिवंत मिथेनजीव सोडायला हवे होते, म्हणजे पूड कधीच न खाल्लेल्या जनावराच्या पोटातला द्रव हवा होता. गावात असं एकच जनावर उरलं होतं. देवीला सोडलेला वळू. तो मन मानेल तिथे चरायचा, आणि त्याच्या गळ्यात श्वासपट्टा घालायची कुणाची छाती झाली नव्हती. इंदुताईंनी चार माणसं गोळा केली. वळूला भाकरी दाखवत दाखवत जनावर जखडायच्या लाकडी खोड्यात आणलं. अन्विता त्याच्या शिंगांना लोंबकळली आणि हेमांगीने नळी घशात सारली. वळूने एकदा मान झटकली तशा दोघी शेणात आपटल्या, उठल्या आणि पुन्हा भिडल्या. शेवटी हिरवट, उग्र वासाचा द्रव बादलीत आला. तो कोमट असतानाच त्यांनी कालवडीला पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कालवडीने गळ्याशी घास आणला आणि जबडा आडवा हलवू लागली. इंदुताई तिच्या मानेला मिठी मारून रडल्या. मग तिच्या गळ्यातल्या श्वासपट्ट्यावर तांबडा दिवा लागला. कालवडीने आयुष्यातला पहिला मिथेनचा ढेकर दिला होता. अन्विता त्या दिव्याकडे बघतच राहिली. तिच्या सगळ्या कामाच्या विरुद्ध जाणारा तो दिवा होता, आणि त्याने कालवड जगणार असल्याचं सांगितलं होतं.

संशोधन केंद्राच्या बैठकीत अन्विता स्वतः उभी राहिली. वाटप थांबवा, ती म्हणाली. वासरांचं पोट तयार होईपर्यंत त्यांना आणि त्यांच्या आयांना पूड द्यायची नाही, आणि गावोगाव काही जनावरं पुडीशिवाय राखायची. "माझ्याकडून हे निसटलं. मॅडमांनी पाहिलं," असं सांगून ती खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या हेमांगीसाठी होत्या, पण हेमांगी अन्विताकडे पाहत होती. इतकं मोठं अपयश इतक्या साधेपणाने सांगता येतं? तिला पुन्हा हेवा वाटला. या वेळचा हेवा पुडीचा नव्हता.

बैठकीनंतर सबनीसांनी तिला थांबवलं. शेवाळ कमी करून त्यात तिचा हिरडा आणि शिकेकाई घालायची, नवी पूड दोघींच्या नावाने निघेल, असं ते म्हणाले. तिचा विश्वास बसेना. इतक्या वर्षांनी तिची पोती गोदामातून बाहेर येणार होती.

"आणि तपासणी?" तिने विचारलं.

"तुम्हीच करा. तुमच्यासारखी नजर कुणाला आहे?"

हेमांगीला त्या कालवडीची ताणलेली कूस आठवली. पूड स्वतःची असती, तर तिथे तिने हात ठेवला असता का?

"माझी नजर आता चालणार नाही," ती म्हणाली. "सर, आपल्या केंद्रात माझा मनापासून हेवा करणारं कुणी आहे का?"

सबनीसांना तो विनोद वाटला आणि ते मोठ्याने हसले. हेमांगी मात्र उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.