शेजारची बशी

त्या प्रयोगशाळेची एक रीत होती. तुलनेला निरोगी रक्त लागलं, की ज्याचा प्रयोग त्यानेच बाही वर करायची. उगाच दुसऱ्यापुढे कशाला हात पसरा? त्यामुळे धाकट्या भावाच्या रक्तावरचा प्रयोग हाती आला (आला कसला, हट्टाने मागून घेतला) तेव्हा तिने मुकाट्याने स्वतःचं रक्त काढलं. काचेच्या दोन बशा शेजारी शेजारी ठेवल्या. एक त्याची, एक तिची.

भावाला रक्ताचा कॅन्सर होता. त्याच्या रक्तातल्या पेशी मोठ्या व्हायचं नाव घेत नव्हत्या, नुसती गर्दी करत सुटल्या होत्या. पेशीला 'पुरे आता, मोठी हो' असं बजावणारा एक एवढासा रेणू असतो, मायक्रोआरएनए म्हणतात त्याला. तोच त्यांच्यात आटला होता. तिने तो त्याच्या बशीत घातला. औषध म्हणून नव्हे, त्याला अजून वर्षं लागणार होती. नुसतं काय होतं ते बघायला.

पेशी शहाण्या झाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नीट वाढलेली दिसली आणि तिला हसूच फुटलं. संध्याकाळी रुग्णालयात गेली तर भावाचा ताप उतरलेला, स्वारी उशीला टेकून बसलेली.

"ताई, भूक लागलीय," तो म्हणाला. "नर्सला वाटतंय मी इतके दिवस सोंग करत होतो."

योगायोग, असं तिने मनाला समजावलं. पण मन कुठलं ऐकतंय?

मग तिने स्वतःची बशी पाहिली. तिच्या पेशी उलट लहान, कच्च्या होत चालल्या होत्या. त्या बशीत तिने काहीच घातलं नव्हतं. बशांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या तपासल्या, इन्क्युबेटर बदललं, दोन्ही बशा नव्याने मांडल्या. पुन्हा तेच. शेवटी तिने आपलं रक्तच तपासायला दिलं. त्यातही कच्च्या पेशी निघाल्या, थोड्याच, पण निघाल्या. तिची पाचावर धारण बसली.

तिने आपली बशी फेकून दिली. आठवड्याभरात तिचं रक्त निवळलं. भावाचा ताप मात्र परत चढला, आणि आता तो कुणाला ओळखेना.

पुन्हा बशी मांडायची म्हणून तिने सुई दंडाला लावली. टोचवेना. सुई खाली ठेवली. जिवाची भीती वाटली, दुसरं काही नाही. लाजही वाटली, पण भीती हटेना.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी हे बघत होता. त्याला नुकतीच मुलगी झाली होती आणि तिचे फोटो दाखवून दाखवून त्याने सगळ्यांना वात आणला होता.

"किती टोचून घेशील? पांढरीफटक पडलीयस. रीत गेली खड्ड्यात, माझं घे."

तो बाही वर करून खुर्चीत बसला.

नको म्हणायला तिने तोंड उघडलं. टेबलावर फोन थरथरला. आईचा होता. तिने उचलला नाही.

तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. शीर लगेच सापडली.

तो मुलीबद्दल बोलत राहिला. आता मान धरायला लागली होती म्हणे. नळी भरत आली.

"बास?" त्याने विचारलं.

तिने दुसरी नळी लावली.

"अजून थोडं," ती म्हणाली.