नागपूर ते नाशिक, दीड तास

"नागपूरहून नाशिकले विमानाले किती वेळ लागते जी?"

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या स्टँडजवळच्या आमच्या सेवा केंद्रात लोक सातबारा मागतात, पीक विम्याचा फॉर्म मागतात. विमान कुणी मागत नाही. मी मान वर केली. इस्त्रीचा निळा शर्ट, चपलेला सोयाबीनच्या रानातली माती... आणि नजर टेबलावर.

"सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटर. थेट विमान असलं त दीड तास," मी शोधून सांगितलं. "तिकीट काढू?"

"नाही... सहज."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. "मधात कुठं उतरते काय?" तिसऱ्या दिवशी, "खिडकीपाशी बसलं त आपलं वाशीम दिसते काय?" नाव प्रज्वल, गाव रिठद, नोकरी नाशिकला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, सोयाबीनच्या सोंगणी-कापणीसाठी सुटीवर आलेला. एवढं मी काढून घेतलं. पण तिकीट न काढता या माणसाला विमानाची एवढी चौकशी कशाला? माझा जीव त्या 'सहज'मध्ये अडकला. खरं सांगते, चौथ्या दिवशी मी गजरा माळून गेले.

"रोज काहून विचारता?"

तो थोडा घुटमळला. "तुमच्या बाबांचा नियम साऱ्याइले मालूम हाये. सकाळी पोरीकडं जाऊन संध्याकाळी धार काढायले घरी पोचता आलं, तेवढ्याच दूर पोरगी द्यायची."

खोटं नव्हतं. माझ्या मोठ्या बहिणीला, रूपाला, बाबांनी याच नियमानं जवळच्याच जऊळक्याला दिली होती.

"दीड तास जायले, दीड तास यायले—" त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "बसते ना नियमात?"

माझे कान तापले. "बसते..." मी हळूच म्हटलं.

रविवारी तो आपल्या मामांना घेऊन आमच्या घरी आला आणि दीड तासाचं सगळं सांगून मोकळा झाला. बाबांनी शांतपणे ऐकलं.

"अन् विमान काय आपल्या गोठ्यातून उडते?" ते बोटं मोजू लागले. "समृद्धीनं गेलं तरी नागपूर चार तास. दोन तास आधी जाऊन बसा. दीड तास हवेत. उतरल्यावर एक. एकीकडूनच साडेआठ! यापरीस ट्रॅव्हल्स बरी."

मामाच आधी हसले. प्रज्वलचा चेहरा उतरला. बिचाऱ्याने फक्त आकाशातला वेळ धरला होता! बाबा आता 'नाही' म्हणणार... मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"बाबा, मले हे मालूम होतं."

"मंग याले काहून नाही सांगतलं?"

"पह्यल्याच दिवशी सांगतलं असतं त दुसऱ्या दिवशी हे आले नसते. अन् मले वाटे, यावं यायनं. मले हेच पसंत हायेत, बाबा."

आईने पदर तोंडाला लावला. बाबा प्रज्वलकडे वळले.

"एका दिवसात वापस येनं काही होत नाही. धार शेजारच्या मारोतरावाले काढा लागंन."

"हो जी..."

"अन् मी आलो त मुक्कामाले येईन. चांगला चार दिवस राहीन. चालंन?"

प्रज्वलने तोंड उघडायच्या आधी मीच "चालंन!" म्हणून बसले.