पाडलेल्या भिंतीला वळसा

जेल रोडचं ते रो हाऊस पाहताना स्नेहल आहेरने पहिल्याच फेरीत ठरवून टाकलं होतं, की हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत जाणार. जुनी घरं घ्यायची, चार-पाच महिन्यांत नवी करायची आणि विकायची, हा तिचा धंदा. हे चौथं घर. आधीच्या तीन घरांनी तिला एक गोष्ट शिकवली होती: गिऱ्हाईक पहिल्या दहा पावलांत घर घेतं किंवा सोडतं. आणि हल्ली त्या दहा पावलांत नजर ओट्यापर्यंत पोचावी लागते.

घर साधंच. छापखान्यातल्या नोकरदारांनी चाळीसेक वर्षांपूर्वी बांधलेल्या रांगेतलं, मागच्या अंगणात पेरूचं झाड. मूळ मालकांचा मुलगा पुण्याला होता. त्याने दलालामार्फत विकलं, सह्या करून गेला आणि चावी कुरिअरने पाठवली. घराबद्दल त्याने काही सांगितलं नाही, स्नेहलने विचारलं नाही.

पैसा विंचूरच्या मालनबाईंचा. असल्या कामाला बँक दारात उभं करत नाही; घर विकेपर्यंत थांबणारा आणि कागदाइतकंच माणसाला बघणारा पैसा लागतो. मालनबाई सत्तरीच्या, नवरा गेल्यावर त्याचा कांद्याचा व्यापार एकटीने चालवलेल्या. पहिल्या घराच्या वेळी त्यांनी स्नेहलला एकच विचारलं होतं, की नवरा नको म्हणाला तर काय करशील. तो नको म्हणाला म्हणूनच मी एकटी राहते, असं स्नेहलने सांगितलं, आणि मालनबाईंनी चेक लिहिला. या वेळी रक्कम मोठी होती. तारण म्हणून स्नेहलच्या सिडकोतल्या फ्लॅटचे कागद मालनबाईंच्या कपाटात गेले. मुदत गुढीपाडव्याची.

भिंत चार इंची, नऊ फूट लांब, वर तुळई नाही. इंजिनिअरने बघून हो म्हटलं. भिंतीतलं दार अगदी मागच्या टोकाला होतं. त्यामुळे पुढच्या दारातून सहा पावलांवर असलेल्या ओट्याकडे जायलाही हॉलच्या टोकापर्यंत जा, आत वळा आणि तेवढंच पुढे या, अशी कसरत होती. पेठकडच्या गोटीराम गवंड्याने दीड दिवसात भिंत उतरवली. विटा ट्रॉलीत भरून गेल्या. हॉलपासून ओट्यापर्यंत एकच सलग फरशी बसली. तिथे कधी भिंत होती हे कळायलाही खूण राहिली नाही.

आठवड्याभराने स्नेहलच्या ध्यानात आलं. गोटीराम सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन पुढून आला. ओट्याखाली थोडं काम राहिलं होतं. पन्नास किलोचं ओझं घेऊन माणूस हॉलच्या टोकापर्यंत गेला, वळला, पुन्हा पुढे आला आणि ओट्यापाशी गोणी उतरवली.

जुनी सवय, असं तिने मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी वायरिंगला नवा माणूस आला. त्याने ती भिंत पाहिलीच नव्हती. तोही टोकाला जाऊन वळला. कोपऱ्यावरचा चहावाला किटली घेऊन आला, तोही तसाच.

तिने गोटीरामला विचारलं, तुम्ही एवढं लांबून का जाता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"मंग कुठून जाऊ, ताई?" तो म्हणाला. थट्टा करायचा त्याचा स्वभाव नव्हता.

आपण तरी सरळ जातो, एवढा तिला भरवसा होता. केवळ खात्रीसाठी तिने एका सकाळी फोन खिडकीत उभा केला आणि दोन तास चित्रण चालू ठेवलं. दुपारी गाडीत बसून ते पाहिलं. हातात टेप घेऊन ती स्वतः चार वेळा ओट्याकडे गेली होती. चारही वेळा टोकाला जाऊन, वळून. आणि जिथे पूर्वी दार होतं तिथे प्रत्येक वेळी तिने उंबरा ओलांडावा तसा पाय उचलला होता.

उंबरा तिने स्वतः उभं राहून काढून घेतला होता.

तिला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. आपल्याच घरात, आपल्याच पायांनी आपल्याला न विचारता वळावं, याचा राग.

फेब्रुवारीत गिऱ्हाइकं येऊ लागली. दिनेश आणि पल्लवी हे जोडपं दोनदा आलं. त्यांना घर आवडलं होतं. फरशी, खिडक्या, नळ, सगळं. पल्लवी हॉलच्या मधोमध उभी राहून समोर बघत होती. तिच्यापासून आठ फुटांवर नवा कोरा ओटा उन्हात चकाकत होता.

"एवढं सगळं केलंत," ती म्हणाली, "मग ही मधली भिंत का ठेवलीत? ओपन किचन केलं असतं तर आम्ही आजच हो म्हटलं असतं."

दिनेशनेही मान हलवली. भिंत काढायला किती खर्च येईल, हेही त्याने विचारलं. स्नेहलने कळवते म्हणून सांगितलं आणि दोघांना दारापर्यंत सोडलं.

विक्री होत नाही म्हटल्यावर मालनबाई स्वतः आल्या. द्वारका चौकाच्या गर्दीत तासभर अडकून वैतागलेल्या होत्या. स्नेहलने त्यांना हॉलमध्ये खुर्ची दिली आणि ओट्यावर चहा ठेवला. थोड्या वेळाने तिने वळून पाहिलं, तर मालनबाईंचे ओठ हलत होते. हातवारेही चालू होते. आवाज मात्र येत नव्हता. चहा उकळण्याचा येत होता, मागच्या झाडावरच्या पाखरांचा येत होता.

मग स्नेहलचा फोन वाजला. मालनबाईंचाच होता.

"अगं, किती हाका मारल्या. कुठं हायेस?"

त्या तिच्याकडेच बघत होत्या. पण नजर पोचत नव्हती. मध्येच, हातभर अलीकडे, थांबत होती.

स्नेहल कप घेऊन टोकाने वळून त्यांच्यापाशी आली. मालनबाईंनी चहाला हात लावला नाही. त्यांची नजर मधल्या मोकळ्या जागेवरून हलली नाही. पोटात काय चाललंय हे चेहऱ्यावर दिसू न देता कांद्याचा भाव बोलण्यात त्यांची हयात गेली होती. आज मात्र ते दिसत होतं.

"भिंत परत घाल," त्या म्हणाल्या. "या घराला ती पाहिजे हाय."

"घराला काय पाहिजे ते मी ठरवणार, मावशी."

"माझा पैसा हाय यात, पोरी."

"पैसा पाडव्याला मिळेल. नाही मिळाला तर माझा फ्लॅट तुमचा. पण भिंत होणार नाही. जी मी पाडली तिला मी वळसा घालत बसणार नाही."

मालनबाई उठल्या. दारात चपला घालताना त्यांनी एवढंच सांगितलं, की पुन्हा मला इथं बोलवू नको.

दुसऱ्या दिवशी स्नेहलने गोटीरामला सुट्टी दिली आणि दुपारी एकटी आली. सगळ्या खिडक्या उघडल्या. भिंत होती त्या ओळीवर खडूने रेघ मारली. मग पुढच्या दारापाशी उभी राहून ओट्याकडे चालू लागली.

भान आलं तेव्हा ती हॉलच्या टोकाला होती.

पुन्हा चालली. डोळे मिटून. पाठमोरी. रेघेवर नजर खिळवून. प्रत्येक वेळी पाय आपले आपण वळले, इतक्या सहज, की वळताना कळतही नव्हतं. तासाभरात तिची कुर्ती घामाने भिजली. शेजारी कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता.

कोपऱ्यात गोटीरामचा घण ठेवलेला होता. तिने तो उचलला. जड होता, खांद्यापर्यंत नेताना मनगट दुखलं. रेघेपासून दोन फुटांवर पाय रोवून तिने तो मोकळ्या हवेत फिरवला.

घण मध्येच थांबला.

दणका दोन्ही हातांतून खांद्यांपर्यंत आला. आवाज झाला, विटेवर लोखंड बसल्याचा. समोर काही नव्हतं. पलीकडे ओटा दिसत होता, खिडकी दिसत होती.

तिने पुन्हा घातला.

किती वेळ, ते तिला पुढेही सांगता आलं नाही. तळहात फुटले. शेजारचा मिक्सर बंद झाला. तोंडात चुन्याची चव आली. ती काहीतरी बोलत होती, माझं घर आहे, माझं घर आहे, असं काहीसं.

मग पलीकडूनही ठोके येऊ लागले.

मंद, सारखे. तोडण्याचे नव्हेत. थापीने वीट बसवताना येतात तसे.

स्नेहल थांबली नाही. पलीकडच्या प्रत्येक ठोक्यावर तिने दोन घातले.

शेवटी घण अडला नाही. तो तसाच पुढे गेला आणि त्याच्या वजनाने तीही ओढली गेली, थेट ओट्यावर जाऊन आदळली. मागे वळून पाहिलं तर खडूची रेघ तिच्या पाठीमागे होती.

ती तिथेच फरशीवर बसून राहिली. मग उठली आणि रेघेवरून दहा वेळा इकडून तिकडे गेली, मोजून.

पुढच्या रविवारी दिनेश आणि पल्लवी आले. पल्लवी दारातून सरळ ओट्यापर्यंत गेली, त्यावर हात फिरवला आणि भिंत काढून घेतल्याबद्दल आभार मानले. आठवड्यात व्यवहार ठरला. पाडव्याच्या चार दिवस आधी मालनबाईंचा पैसा ठरल्या नफ्यासकट त्यांच्या खात्यात गेला. त्यांनी फ्लॅटचे कागद माणसाकरवी परत धाडले, आणि निरोप दिला, की पुढचं घर बघ, माझी तयारी हाय. फक्त जेल रोडचं नाव त्यांनी काढलं नाही.

चावी द्यायच्या आदल्या दिवशी गोटीराम मागचं अंगण झाडत होता. त्याने स्नेहलला हाक मारली. पेरूखाली पालापाचोळ्यात विटांचा ढीग होता, पाऊण ट्रॉली भरेल एवढा. तुम्ही अजून काय पाडलं, असं त्याने विचारलं. काही नाही, असं ती म्हणाली.

गोटीरामने वरचा एक मोठा तुकडा उलटा केला. एका बाजूला हॉलचा फिकट निळा रंग होता. दुसऱ्या, ओट्याकडच्या बाजूला फोडणीच्या धुराने पिवळ्या पडलेल्या रंगावर नवा गिलावा चढवलेला होता. घण घालून तीन आठवडे झाले होते. गोटीरामने गिलाव्याला बोट लावलं. बोट आत गेलं.

"वलं हाय अजून," तो म्हणाला, आणि हात मागे घेतला.

"ओलं असू दे," स्नेहल म्हणाली. "आजच उचला. सगळं."

तिने तुकडा उचलायला स्वतः हात घातला. गिलावा थापीने लावलेला नव्हता. तो तळहाताने सारवला होता, आतून, मन लावून. आणि प्रत्येक पंजाच्या ठशाखाली, मनगटाच्या जागी, बांगड्यांच्या बारीक रेघा उमटलेल्या होत्या.