काकांचा डावा हात

ज्यांना भुताच्या गोष्टीत वादळ आणि गेलेली वीज लागते, त्यांनी ही सोडून दिली तरी चालेल. हे घडलं रविवारी, दुपारी चार वाजता. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं.

आणि शेवटच्या भागात मी स्वतः त्या खोलीत होते. ऐकीव काही सांगत नाही.

गोष्ट माझ्या मावशीची आहे. घरातलीच माणसं, म्हणून नावं देत नाही.

मावशी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तीस वर्षं झाली. दुकानात तिला सगळे 'अर्धा मिलीमीटर' म्हणतात, कारण काच तेवढी जरी सरकली तरी ती पुन्हा खोलून बसवते. अशा बाईला भास झाले म्हणणाऱ्याने आधी स्वतःचा चष्मा तपासून घ्यावा.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, बस चालवायचे. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांची उजवी बाजू लुळी पडली. बोटं हलती ठेवा, असं हॉस्पिटलातल्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं, म्हणून मावशीने एक जुना डिजिटल पियानो घरी आणला.

उजव्या हाताला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पण काकांना डाव्या हाताने वाजवायचा नाद लागला. मग उजव्या हाताचं मावशीने शिकून घेतलं. दोघांत मिळून एक वाजवणारा तयार झाला.

एकाच बाकावर बसायचे. डावीकडे काका, उजवीकडे मावशी. काकांचा लुळा हात तिच्या मांडीवर.

त्या पियानोत दोन्ही हातांचं रेकॉर्डिंग वेगवेगळं करता येतं. एक नंबरच्या बटणावर डावा हात, दोन नंबरच्या बटणावर उजवा. आधी काका त्यांचं वाजवून ठेवायचे, मग त्यावर मावशी तिचं वाजवायची, आणि मग दोघं नुसते बसून स्वतःलाच ऐकायचे. रेकॉर्डिंगची बटणं सगळी डाव्या टोकाला, ऐकायचं तेवढं उजवीकडे. ती काकांची हद्द. मावशीने त्या बटणांना कधी हात लावला नाही.

चार ओळींची एक संथ धून त्यांना बऱ्यापैकी यायची. तिच्या चौथ्या ओळीत डाव्या हाताला लांब उडी होती, आणि काका तिथे हटकून उशिरा पोचायचे. "थांब, आलो," म्हणायचे.

मावशी थांबायची. एरवी अर्ध्या मिलीमीटरसाठी जीव खाणारी बाई, पण तिथे थांबायची.

रेकॉर्डिंग बिघडलं की ते पुसून टाकायचे. उद्या याहून चांगलं वाजवू, म्हणायचे. असं करता करता काका गेले, आणि पियानोत उरलं एकच. त्या धुनेचा डावा हात.

फक्त तेवढंच.

पुढचे चौदा महिने मावशीचा एकच नेम होता. साडेसहाला घरी यायचं. दिवा लावायचा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हेडफोन घालायचे. बाकावर उजवीकडेच बसायचं. काकांचा हात लावायचा आणि त्यावर आपला वाजवायचा. चौथ्या ओळीशी थांबायचं. ते आले की पुढे जायचं.

आम्ही सगळे फोनवर शहाणपण शिकवत होतो. फिरायला जा, भाडेकरू ठेव, वगैरे. तिच्याकडे जाऊन बसायला मात्र कुणाला सवड नव्हती. मलाही नव्हती. खोटं कशाला बोलू?

मग एका संध्याकाळी तिला वाटलं, आपला हातही त्यांच्या हातासोबत जपून ठेवावा. तिने पहिल्यांदाच डावीकडे हात लांब केला. रेकॉर्डचं बटण दाबलं. आणि मग, काकांना शेकडो वेळा जे दाबताना पाहिलं होतं, तेच बटण दाबलं.

एक नंबरचं.

लाल दिवा लुकलुकू लागला. तिने पहिली पट्टी दाबली, दुसरी दाबली... डावा हात कुठेच ऐकू येईना.

तिने थांबवलं तेव्हा उशीर झाला होता. काकांच्या जागी तिचे स्वतःचे दोन स्वर होते. बाकी काही नाही.

ती रात्रभर त्या बाकावर बसून होती. दुसऱ्या दिवशी वाद्यांच्या दुकानातला कारागीर येऊन बघून गेला. भला माणूस. त्याने स्पष्ट सांगितलं की एकदा त्यावर दुसरं गेलं, की पहिलं परत येत नाही. आणि सहज बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली. हा पियानो आवाज टिपत नाही. कुठली पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरात दाबली, एवढंच टिपतो.

"बोट लागल्याशिवाय यात काही उमटत नाही, बाई."

त्या शनिवारी मावशीने ते दोन स्वर पुसले आणि नुसता उजवा हात वाजवला. सवयीने चौथ्या ओळीशी थांबली, थोडा वेळ गेल्यावर पुढे गेली. या वेळी बटण बरोबर दाबलं होतं. दोन नंबरचं. वाजवताना हेडफोनमध्ये तिचा एकटीचाच हात होता.

मग तिने ते ऐकायला लावलं.

पहिली ओळ. तिचाच उजवा हात. आणि त्याच्या खाली... डावा.

तिने पाहिलं, एक नंबरचा दिवा हिरवा लागला होता, म्हणजे तिथे काहीतरी टिपलेलं होतं.

तिने मला फोन केला तेव्हा रडत होती, आणि हसतही होती. "अगं, ते आले. मी पुसलं तरी आले." ती इतकी आनंदात होती की तिसऱ्या ओळीनंतर तिने पुढे ऐकलंसुद्धा नव्हतं. हेडफोन काढून सरळ फोनच लावला.

मला वाटलं, मावशी खचली. बहुतेक स्वतःच दोन्ही हातांनी वाजवते आणि विसरते. रविवारी जेवून मी तिच्याकडे गेले. मनात डॉक्टरचा विचार होता. म्हटलं, माझ्यासमोर वाजव. आधीचं सगळं पूस आणि नव्याने कर.

तिने निमूटपणे पुसलं. हेडफोन घातले. उजवीकडे बसली. डावा हात मांडीवर ठेवला, मला दिसेल असा.

मी मागे पलंगावर बसले. पियानोचा आवाज हेडफोनमध्ये, म्हणजे माझ्यासाठी खोलीत शांतता. ऐकू येत होती ती फक्त पट्ट्यांची हलकी टकटक, तिच्या बोटांखालची.

टक. टक. टकटक.

खाली पाण्याचा नळ बंद झाला. गाडी धुणारा निघून गेला असावा.

आणि मग...

ठक.

डावीकडून. जरा जड, जरा सावकाश. ठक... ठक...

मी मावशीच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवरच होता. पियानोचं डावं टोक मला तिच्या पाठीमुळे दिसत नव्हतं. उठून बघावं असं फार वाटलं, पण उठले नाही. खोटी लाज वाटून काय उपयोग? घाबरले होते.

तिने शेवटची पट्टी सोडली आणि टकटक थांबली. मग मी उठले. डाव्या पट्ट्या सगळ्या सरळ रेषेत, हलत नव्हत्या. बाकाची डावी बाजू रिकामी होती.

"तुला वाजवताना काही ऐकू आलं?" मी विचारलं. तिने मान हलवली. नाही. मग तिने हेडफोनची तार काढली आणि रेकॉर्डिंग खोलीभर मोठ्याने लावलं. माझ्यासाठी.

डावा हात होता. मी माझ्या कानांनी ऐकला.

पहिली ओळ. दुसरी. तिसरी. मावशीचे डोळे मिटलेले, ओठांवर हसू. चौथी ओळ आली. तिचा उजवा हात सवयीप्रमाणे थांबला, काकांची वाट बघत.

डावा नाही थांबला.

त्याने ती लांब उडी अचूक मारली. तिच्या आधी पोचला. आणि तो एकच स्वर धरून ठेवला... ती येईपर्यंत.

मावशीचं हसू गेलं. तिने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. अर्धा मिलीमीटर सरकलेली काच जिला दिसते, तिला हे कळायला किती वेळ लागणार?

"हे ते नव्हेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, आत्ताच्या आत्ता माझ्या घरी चल. हा पियानो उद्या देऊन टाकू. तिने बटण दाबून पियानो बंद केला आणि त्यावर कापड घातलं.

"तुझ्या काकांसाठी मी थांबायचे," ती म्हणाली. "ते गेल्यापासून रोज साडेसहाला मी कुलूप उघडते. आत कुणी माझ्यासाठी थांबलेलं नसतं. तुम्ही फोन करता, बरं वाटतं. पण थांबत कुणी नाही गं."

"पण ते कोण आहे, हे तरी माहीत आहे का तुला?"

"नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबलं, एवढं माहीत आहे."

ती आली नाही. मी एकटीच परत आले. जिना उतरताना मागे वळून पाहिलं नाही, हे कबूल करते.

याला आता सात महिने झाले. कारागिराला मी आडून विचारलं. तो म्हणाला, जुन्या यंत्रात कधीकधी काहीबाही होतं. मग स्वतःच म्हणाला, पण असं नाही होत.

आता दर रविवारी मी मावशीकडे जाते. दुपारी. ती ठणठणीत आहे, कामावर जाते, पहिल्यापेक्षा चांगली जेवतेसुद्धा. फक्त आता ती उजवा हात आधी वाजवत नाही. रेकॉर्डचं बटण दाबते आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसते. मग उमटलेलं ऐकते. त्यात डाव्या हाताची नवीनच धून येते. तिला किंवा काकांना कधीच न येणारी. ती अंदाजाने त्या धुनेचा उजवा हात शिकते आहे. तीन ओळी झाल्या, म्हणते.

किती ओळींची आहे, हे मी विचारलेलं नाही.

काल संध्याकाळी फोन केला. इकडचं तिकडचं बोललो. मी मुद्दाम बोलणं लांबवत होते. पावणेसात वाजत आले तशी ती अस्वस्थ झाली.

"ठेवते गं," ती हळूच म्हणाली. "केव्हाचं थांबलंय ते."