आर्लिसचं पेडल

तुम्ही हसाल, हसा. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या आमच्या ऑफिसात, गेल्या फेब्रुवारीत, तेही भर दुपारी. बाहेर बर्फ पडत होता आणि मी कालची हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचा भाजलेला पदार्थ, गरम करत होतो.

मी वेन्डेल. डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकून रिपोर्ट टाइप करायचे, हे आमचं काम. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळतो.

आर्लिस नीमी आमची सगळ्यात जलद टायपिस्ट. पक्षाघाताने तिचा उजवा हात लुळा पडला. मग मी तिला पायाखाली एक पेडल दिलं आणि तिच्या मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, सर्व्हिस नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला. मशीन सुरू झालं की ती मागे आपोआप चालायची. पेडल दाबलं की टक् वाजून शेवटचा शब्द खोडला जायचा.

"हातापेक्षा पाय बरा, वेन्डेल," ती हसायची. "वेळ आली तर लाथही घालता येते!"

मग कर्ट व्हॉसबर्ग साहेब म्हणून आला.

"इथे सगळ्यांची मशीन सारखी. कुणाचे लाड नाहीत!"

त्याने पेडल उपटून तिच्या हातात दिलं. सर्व्हिस बंद करायला लावली. आर्लिसचा वेग पडला आणि नाताळाआधी नोकरी गेली. नोकरीबरोबर कंपनीचा औषधांचा विमाही गेला, औषधं परवडेनात. जानेवारीत ती वारली. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

तिच्या बहिणीने ते पेडल शवपेटीत, तिच्या पायाशी ठेवलं. मी तिथेच उभा होतो.

आर्लिसचं मशीन मात्र कर्टने स्वतःच्या केबिनमध्ये नेलं.

त्या दुपारी केबिनमधून ओरडा आला.

"वेन्डेल! हा काय चावटपणा लावलायस?"

मी धावत गेलो. कर्ट टाइप करत होता. शब्द उमटत होते... आणि लगेच खोडले जात होते.

टक्... टक्...

आवाज टेबलाखालून येत होता.

मी वाकून पाहिलं. तिथे फक्त त्याचे बूट होते. ते हलत नव्हते.

स्क्रीनवर पाहिलं, तर ती सर्व्हिस चालू होती. मी बंद केली. मग मुळापासून काढून टाकली.

टक्...

"अरे, बंद कर ना ते!"

"काढून टाकलंय, कर्ट!"

मी भिंतीतली वायरच उपटली. स्क्रीन काळी झाली.

टक्... टक्... टक्...

कर्ट उठायला गेला. त्याचा उजवा हात कीबोर्डवरच राहिला. तो उचलताच येईना.

हात लुळाच राहिला; डॉक्टरांना कारण सापडलं नाही. एप्रिलमध्ये तो कामावर परतला आणि त्याने कंपनीच्या मालकीणबाईंकडे पायाचं पेडल मागितलं.

"कर्ट, नियम तुझाच ना?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांची मशीन सारखी."

महिन्याभरात त्याला काढलं. मला वाईट वाटलं नाही.

ते मशीन आता कपाटात पडून आहे, वायरीशिवाय. काल मी कपाटापाशी थांबलो. हळूच म्हटलं, "आर्लिस, फिटला ना हिशोब? झालं ना आता?"

मी कपाटाच्या दाराला कान लावला.

मग... टक्.