ठमी कोलूवर बसली

टेबलावर हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून संयुक्ता इवल्याशा पडक्या कमानीतून पलीकडे बघत होती... आणि पलीकडून एक डोळा तिच्याकडे बघत होता. काळाभोर, लांब पापण्यांचा. ती दचकलीच!

नुंगंबाक्कममधल्या त्या गेमच्या दुकानात ती पहिल्यांदाच आली होती. दर शनिवारी तिथे लोक इवल्या इवल्या बाहुल्यांची सैन्यं घेऊन चकमकी खेळतात, एवढंच तिला कळलं होतं. तिचं सैन्य म्हणजे पाच एल्फ. टोकदार कानांचे, अंगठ्याएवढे, तिने स्वतः रंगवलेले. मोरपंखी झगे आणि त्यांना पैठणीसारखे सोनेरी काठ! सगळ्यांत लाडकी होती ती धनुष्य घेतलेली ठमी. या खेळात बाहुलीला जे दिसतं, त्यावरच तिने बाण मारायचा. म्हणून खेळणाऱ्याने खाली वाकायचं आणि तिच्या डोळ्यांनी बघायचं.

"मेला हा दगड नेमका मध्ये आलाय," संयुक्ता पुटपुटली.

"दगडावर कां रागेजतां?" पलीकडचा डोळा म्हणाला. "माझा ऑर्क दिसतो की! मारा बाण."

ती ताडकन उभी राहिली. समोर कुरळ्या केसांचा, उंच, हसरा मुलगा.

"तुम्ही मराठी?"

"तंजावूरचे. येऊन साडेतीनशे वर्षें झालीं. तुम्ही?"

"नाशिकची. येऊन तीन वर्षं."

"मग अजून पाहुण्याच अहांत."

त्याचं नाव गिरीधर. राहणार वेस्ट मांबलम, नोकरी बँकांच्या सॉफ्टवेअरची. ती गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. त्यानंतर शनिवार आला, की तिला सकाळपासूनच घड्याळ हळू चालल्यासारखं वाटायला लागलं. त्याची मराठी अशी, की जुनी बखर बोलायला लागावी आणि मधूनच 'अय्यो' म्हणावी. आणि तो हरायचा! त्याचे धिप्पाड, हिरवे, राक्षसांसारखे ऑर्क आडोसा सोडून ठमीच्या अगदी समोर येऊन उभे राहायचे.

"मुद्दाम हरताय ना?"

"छे! तुमची ठमी पाहूं लागली, की माझ्या माणसांस लपावेंसें वाटत नाहीं."

संयुक्ता उगाचच फासे गोळा करत बसली. कान मात्र लालबुंद झाले होते.

आणि मग पुण्याची बदली आली. तिनेच मागितली होती, वर्षापूर्वी, जेव्हा या शहरात तिचं कुणीच नव्हतं. आता आली... तर नकोशीच वाटली. शनिवारी डाव चालू असताना तिने सांगून टाकलं.

"दसऱ्याच्या आत हो की नाही ते कळवायचंय."

गिरीधरच्या हातातली, चालींचं अंतर मोजायची टेप सर्रकन मिटली. तो काही म्हणेल, म्हणून ती थांबली. एक शब्द... अर्धा तरी!

"सरि," तो म्हणाला.

सरि? म्हणजे 'बरं'? एवढंच? तिने रागारागाने एल्फ डबीत कोंबायला सुरुवात केली आणि कट्‌कन ठमीचं धनुष्य मोडलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. गिरीधरने ठमीला अलगद तळहातावर घेतलं.

"चिकटवून देतों," तो म्हणाला.

आठवडा उलटला तरी ठमीचा पत्ता नाही. शेवटी तिने फोन केला.

"माझी ठमी कधी देणार?"

"आतां... देतां येणार नाहीं. ती कोलूवर बसली."

दुसऱ्या संध्याकाळी संयुक्ता त्याच्या घरी हजर! दिवाणखान्यात नवरात्राचा कोलू मांडला होता. सात पायऱ्या आणि त्यांवर देव, राजे, मान डोलावणाऱ्या बाहुल्या, लग्नाची अख्खी वरात. आणि मधल्या पायरीवर, नवं धनुष्य ताणून, ठमी!

गिरीधरच्या आईने, राजसबाईंनी, तिला हळदकुंकू लावलं, हातात सुंडलची, खोबरं घातलेल्या हरभऱ्याच्या उसळीची, वाटी दिली आणि गाणं म्हणायला लावलं. तिने भोंडल्याचं एक म्हटलं. मग हळूच विचारलं, "काकू, ती माझी बाहुली... नेऊ का?"

"अय्यो, नको ग! एकदां बसविली बाहुली विजयादशमीपर्यंत हलवूं नये."

"पण तुम्ही चुकून बसवलीत ना?"

"मी? मी कशास बसवूं? ह्यानेंच बसविली, पहांटे न्हाऊन. वर मलाच सांगतो, 'आई, हीस हलवूं नको!'" एवढं बोलून त्या कॉफी आणायला आत गेल्या.

गिरीधरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अस्सं! म्हणजे चुकून नाही, ठरवून. संयुक्ताला हसू यायला लागलं, पण तिने ते दाबलं. ती कोलूच्या बाजूला गुडघ्यांवर बसली, एक डोळा मिटला आणि ठमीच्या खांद्यावरून बघू लागली. राजा-राणीच्या मधून, वरातीच्या सनईवाल्यावरून नजर सरळ खाली उतरत होती. तळाशी मोहरी पेरून बाग केली होती. त्या बागेत त्याचा ऑर्क मान वर करून उभा होता. कुऱ्हाड गायब! कमरेला पांढरीशुभ्र, सोनेरी काठाची, धोतरासारखी वेष्टी रंगवलेली. आणि ऑर्कच्या मागे जमिनीला गाल टेकवून... तोच काळाभोर डोळा.

"दिसतो काय?" गिरीधरने विचारलं.

"स्पष्ट दिसतोय. कुणी करायला सांगितलं होतं हे?"

"राहा म्हणावें, तर जीभ उचलेना. मग हीस बसविलें. ही उठेपर्यंत तरी तुम्ही जाणार नाहीं... तोंवर मला धीर येईल, असें वाटलें."

"आला?"

"अर्धा."

"उरलेला कधी येणार? परवा दसरा आहे!"

तो उठून बसला. केसांत मोहरीची हिरवी पानं अडकली होती. पहिल्यांदाच त्याने 'तुम्ही' सोडलं.

"संयुक्ता, जाऊं नको. तूं मला फार आवडतेस."

तिचं हृदय असं धडधडायला लागलं, की शेजारची डोलणारी बाहुलीही त्यानेच हलतेय असं तिला वाटलं.

"एकदा जाहीर केलेली चाल मागे घेता येत नाही," ती म्हणाली. "नियम आहे."

"ठाऊक अहे. म्हणूनच तर भ्यालों."

"मग मी उद्या नाही म्हणून कळवते."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मला?"

"पुण्याला रे, वेड्या!" तिने त्याच्या केसांतलं एक पान काढलं आणि हात तिथेच राहू दिला.

आतून भांडं वाजलं. राजसबाई कॉफीचे तीन पेले घेऊन दारात उभ्या होत्या, कधीपासून कुणास ठाऊक! संयुक्ताने झटकन हात मागे घेतला.

"तुझ्याकडे अशा बाहुल्या अजून किती अहेत ग?" त्यांनी विचारलं.

"चार, काकू."

राजसबाईंनी कोलूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जागा पुरणार नाहीं, गिरी," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीं नऊ पायऱ्या लाव."