हो म्हणणारा विद्यार्थी

मिळालेल्या अर्जांच्या यादीत भुंगीचं नावच नव्हतं.

तिनं ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली, बोट ठेवून वाचली. अर्ज भरल्यावर मोबाईलवर ‘तुमचा अर्ज मिळाला’ असा निरोप आला होता. मग अर्ज गेला कुठं? निवासी विज्ञान शाळेच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज आज पाचला बंद होणार होते, आणि दोन तर वाजून गेले होते!

सतत प्रश्नांची भुणभुण लावते म्हणून तिचं नाव भुंगी. तिनं सायकल काढली आणि थेट ताईचं ऑफिस गाठलं. अर्जांची वेबसाइट त्याच ऑफिसनं बनवलेली.

तिथं तर आभाळच कोसळलं होतं.

“त्रेचाळीस अर्ज गायब!” साहेब टेबलावर हात आपटत होते. “निरोप गेले नऊशे, साठवले गेले आठशे सत्तावन्न! तपासणी तुमच्याकडे. मंगळवारी दुपारी सव्वाला टेस्ट बदलली गेली, तीही तुमच्याच कॉम्प्युटरवरून. पाचपर्यंत उत्तर द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

ताई पांढरीफटक पडली. आईची नजर अधू झाल्यापासून शिलाई बंद होती. घर चालायचं ते ताईच्या पगारावर.

“मी नाही बदलली, सर.”

“मग काय भुतानं बदलली?” म्हणत साहेब केबिनमध्ये गेले.

शेजारच्या टेबलावरचा, सगळे ज्याला दादा म्हणत तो, पाण्याचा ग्लास घेऊन आला. वेबसाइटचा आतला कोड त्याचा. सगळ्या ऑफिसचा लाडका माणूस.

“रडू नकोस गं,” तो हळूच म्हणाला. “लोक रकाने रिकामे सोडतात आणि खापर आपल्या माथी.”

भुंगीनं खुर्ची ओढली. “ताई, टेस्ट म्हणजे तू नेमकं करतेस काय?”

“अगं, ही वेळ आहे का?”

“पाचपर्यंत आहे. सांग.”

ताईनं नाक पुसलं. “विद्यार्थ्याची माहिती साठवतो तो कोडचा भाग म्हणजे मॉडेल. टेस्ट त्याला एक खोटा अर्ज देते आणि विचारते, साठवलास का? हो म्हणालं तर हिरवा दिवा, नाही म्हणालं तर लाल. कधीकधी खऱ्या मॉडेलच्या जागी नकली उभं करतात. त्याला स्टब म्हणतात. त्याला पढवूनच ठेवलेलं असतं, काहीही विचारलं तरी हो म्हण.”

“पोपटच की!”

“पण कामाचा पोपट. पान नीट दिसतंय का, एवढंच बघायचं असेल तर तो चालतो. माहिती साठतेय का हे बघायला मात्र खरं मॉडेलच लागतं. मी तेच लावलं होतं.”

“आणि खोट्या अर्जात काय भरलंस?”

“आपलंच. आईचं नाव, वडिलांचा रकाना रिकामा. मंगळवारी एकला सगळ्या टेस्ट लावून जेवायला खाली गेले. परत आले तर हिरवा दिवा.”

“वर कोण होतं?”

“साहेब बाहेरगावी होते, बाकीचे माझ्याबरोबर खाली. दादा डबा टेबलावरच खातो.”

भुंगी पडद्याला नाक लावून बघत होती. “हे आकडे कसले?”

“टेस्टला लागलेला वेळ.”

“बाकीच्या सगळ्यांना चार-चार सेकंद आणि हिलाच शून्य? ही काय विमानानं जाते?”

ताईनं टेस्ट उघडली. खऱ्या मॉडेलच्या जागी कुणीतरी स्टब बसवला होता.

पण कुणी? आणि का?

दोघींनी निरोप गेलेल्या मोबाईल नंबरांतून साठवलेले नंबर वजा केले. उरले त्रेचाळीस. भुंगीनं पहिला फिरवला.

“काकू, अर्जात पालक म्हणून कुणाचं नाव भरलं होतं?”

“माझंच. दुसरं आहे कोण?”

दुसऱ्या घरी तेच उत्तर. तिसऱ्या घरी आजीचं नाव.

तीन वाजून दहा मिनिटं. भुंगी साहेबांच्या केबिनमध्ये शिरली, मागोमाग ताई आणि दादा.

“सर, गायब अर्जांमध्ये वडिलांचा रकाना रिकामा होता. एकच पालक चालतो असं शाळेच्या नियमात लिहिलंय. पण खरं मॉडेल त्याला नाही म्हणतं. पान मात्र त्याचं उत्तर न ऐकताच ‘मिळाला’ म्हणून मोकळं! ताईच्या टेस्टनं हे पकडलं होतं. मंगळवारी लाल दिवा लागला होता. कुणीतरी तो बघितला, स्टब बसवला आणि हिरवा केला.”

“कुणी?”

भुंगी दादाकडे वळली. “दादा, लोक रकाने रिकामे सोडतात, असं म्हणालास ना मघाशी?”

“मग? सोडतातच.”

“ते अर्ज साठलेच नव्हते. त्यात काय होतं ते कुणालाच दिसत नव्हतं. मला घरोघर फोन करावे लागले. तुला कसं कळलं?”

“अंदाज... अंदाजानं बोललो.”

“का ताईचा लाल दिवा बघून?”

दादा खुर्चीत बसला. “वडिलांच्या नावाची अट माझ्याच हातून चुकून घातली गेली. बुधवारी वेबसाइट सुरू करायची होती. सगळ्यांसमोर शब्द दिला होता मी. लाल दिवा दिसला असता तर सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून, त्यात आठवडा गेला असता. वाटलं, नंतर गुपचूप दुरुस्त करीन. मग... मग ते राहूनच गेलं.”

“आणि मी ओरडा खाताना?” ताईनं विचारलं. “पाणी आणून दिलंस मला!”



“दुरुस्तीला किती वेळ?” साहेबांनी दादाला विचारलं.

“वीस मिनिटं.”

“मग ऊठ. तुझं काय करायचं ते पाचनंतर बघू.” ते ताईकडे वळले. “तुम्ही उद्या या. आणि आत्ता यानं केलेलं तपासून घ्या.”

आधी पान दुरुस्त झालं. ताई नवा खोटा अर्ज भरायला लागली, तशी भुंगीनं कीबोर्ड ओढून घेतला.

“खोटा कशाला? मी आहे ना खरी!”

तिनं आपलं नाव घातलं, आईचं घातलं, वडिलांचा रकाना रिकामा सोडला. बटण दाबलं.

‘अर्ज साठवला गेला नाही.’

“खरं बोललं बाई एकदाचं!” ताई हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग दादानं अट काढली. पुन्हा बटण. एक सेकंद. दोन. तीन. चार.

साठवला!

ताई मिठी मारायला वळली, तर भुंगीच्या कानाला फोन. बेचाळीस घरं उरली होती.

“काकू, मघाशी मीच फोन केला होता. मुलीचा अर्ज पुन्हा भरायचाय, आत्ताच्या आत्ता. नाही हो, तुमचं एकटीचं नाव पुरतं. माझाही तसाच गेलाय.”

पलीकडून काकूंनी इतक्या जोरात हाक मारली, की केबिनमधले साहेबही दचकले.

“अगं ए, ये गं लवकर! तुझं जमतंय!”